हापूसला थंडी हवी, पण कुठली?

मंडळी, मध्यंतरी एका बागेत गेलो होतो. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. एक डहाळी खाली ओढून बघितली, तर गोटीएवढ्या चार कैऱ्या आणि त्यांच्या बुडाशीच फुटलेला नवा, लालसर मोहोर. मालक खुशीत होते, "सर, परत मोहोर आला!" म्हटलं, आठ दिवसांनी झाडाखाली बघा. आठव्या दिवशी त्यांचाच फोन आला. गोट्या पिवळ्या पडून खाली सडा झाला होता.

हा पुनर्मोहोर. तो का येतो, हे कळायला झाड थंडीचं नेमकं काय करतं ते बघावं लागतं.

सफरचंदाचं गणित सोपं आहे. हिमाचलात पानं गाळून झाड झोपतं आणि साधारण 7 अंशांखालचे ठराविक तास भरल्याशिवाय डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, नीट फुटत नाहीत. जुन्या जातींना हे तास हजाराच्या घरात लागतात. आपला आंबा सदाहरित, तो असा झोपत नाही. त्याच्या टोकाचा डोळा फुटणार असतोच, फक्त त्यातून पालवी यायची की मोहोर, हे फुटतानाच्या हवेवर ठरतं. रात्रीचा पारा 15 अंशांच्या आसपास उतरला आणि काही दिवस तिथेच टिकला, तर मोहोर. ऊब राहिली तर पालवी. मध्येच हवा पालटली तर मोहोराच्या दांड्यावर पानं निघतात. ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, फक्त त्याला झाडाचा गोंधळ म्हटलं नसेल.

त्यात पालवी जून झालेली हवी. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की झाड नव्याने पालवतं, आणि थंडी येते तेव्हा पानं अजून तांबूस, लुसलुशीत असतात. मग ती थंडी फुकट जाते.

म्हणून "यंदा थंडीच नाही" ही तक्रार मला अर्धीच पटते. कोकणात थंडी येते, पण हप्त्याहप्त्याने येते. डिसेंबरात चार दिवस, मग ढग, मग जानेवारीत पुन्हा. प्रत्येक हप्त्याला झाड नवा मोहोर काढतं, अन्नरस तिकडे वळतो आणि आधीची फळं उपाशी राहतात. थंडी फार झाली तरी अडचण आहेच. मोहोरात नर फुलं वाढतात, संयुक्त फुलं, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेली, फळ धरणारी फुलं कमी होतात, परागीभवन करणाऱ्या माश्याही सुस्तावतात. झाड मोहोराने भरलेलं दिसतं आणि कणी, म्हणजे बारीक फळ, धरत नाही.

आता एक गंमत. जुलै-ऑगस्टात आपण बुंध्याशी कल्टार घालतो, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते झाडातलं जिब्रेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, रोखतं, म्हणून पालवी थांबून मोहोर लवकर येतो. आणि पुनर्मोहोर टाळायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस कसली? 50 पीपीएम (दशलक्ष भागांत 50 भाग) जिब्रेलिक आम्लाची, म्हणजे जिब्रेलिनचीच, 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम! पावसाळ्यात जे रोखायचं, तेच हिवाळ्यात वरून द्यायचं. ऐकायला उफराटं वाटतं, पण दोन्हीकडे तर्क एकच आहे: जिब्रेलिन असलं की मोहोर अडतो.

फक्त वेळ सांभाळा. ही फवारणी पहिला मोहोर फुललेला असतानाची आहे. कैऱ्यांच्या बुडाशी लाली दिसल्यावर पंप काढलात, तर उशीर झालेला असतो. त्या बागेचे मालक तेच विचारत होते, "आता मारू का?"