फिरणारा बटाटा

(दृश्य: स्टुलासारखी लाकडी चौकट. खाली जमिनीवर एक बटाटा.)

नीट बघा. साधी लाकडी चौकट, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, मोटरीला तार आणि तारेच्या टोकाला खोचलेला बटाटा. बटण दाबलं की तो जमिनीवरच्या दुसऱ्या बटाट्याभोवती फिरायला लागतो. बस्स, एवढंच. नावही तितकंच सरळ: ‘एका बटाट्याला दुसऱ्याभोवती फिरवणारं यंत्र’. साल १९६९. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला.

हे यंत्र जर्मन चित्रकार झिगमार पोल्केचं. ते ‘मल्टिपल’ आहे, म्हणजे एकाच कलाकृतीचे अनेक नग. लाकूड टिकतं, पण बटाट्याला मोड येतात, तो सुरकुततो, मग दुसरा आणावा लागतो. मूळ बटाटा असा काही राहतच नाही! मला पोल्केची थोरवी इथे दिसते. त्याचा विनोद ती वस्तू चालवण्याच्या रीतीतच मुरलेला असतो. बटाट्यावर तर त्याचा भारी जीव. कलावंताचे म्हणून जे गुण सांगतात, नवनिर्मिती, उत्स्फूर्तपणा, ते सगळे तळघरात पडल्या पडल्या मोड काढणाऱ्या बटाट्यात आहेत, असं त्यानं लिहून ठेवलंय.

(दृश्य: ड्युसेलडॉर्फ, कला अकादमीची इमारत.)

पोल्के १९४१ साली सायलेशियात, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या तेव्हाच्या जर्मन प्रांतात, जन्मला. युद्धानंतर कुटुंब पूर्व जर्मनीत आलं, आणि १९५३ मध्ये तिथून पश्चिमेला. काचचित्रांच्या कारखान्यात उमेदवारी करून तो इथे शिकायला आला. १९६३ मध्ये गेरहार्ड रिश्टर आणि इतर मित्रांबरोबर त्यानं ‘भांडवली वास्तववाद’ हे नाव पुढे आणलं. पूर्वेकडच्या ‘समाजवादी वास्तववाद’ या सरकारमान्य कलाशैलीला आणि पश्चिमेकडच्या दुकानांच्या झगमगाटाला एकाच वेळी काढलेला चिमटा.

(दृश्य: ‘मैत्रिणी’, कॅमेरा ठिपक्यांपर्यंत जवळ जातो.)

छापील फोटो भिंगाखाली धरला की ठिपके दिसतात. पोल्के ते ठिपके हातानं रंगवायचा. कधी पेन्सिलीच्या मागचा खोडरबर रंगात बुडवून, एकेक ठसा उमटवत. यंत्राचं काम माणूस करणार म्हटल्यावर ठिपके एकमेकांना चिकटणार, पसरणार. ‘मैत्रिणी’ असंच आधी कॅनव्हासवर आलं. १९६७ मध्ये ते ऑफसेटवर छापलं गेलं. छापखान्यातून निघालेल्या दोन तरुणी, हातानं रंगून, फिरून छापखान्यात.

पुढच्याच वर्षी बर्लिनचा कलादालनवाला रेने ब्लॉक यानं त्याचा १४ ऑफसेट चित्रांचा संच काढला: ‘उच्च शक्तींचा हुकूम’. नावाला दबून आत पाहावं, तर माडच माड! हातमोज्याचा माड, कापसाचा माड, सुताराच्या घडीच्या मोजपट्टीचा माड. एका फोटोत तर पोल्के स्वतःच माड झालाय. मी हा संच पाहते तेव्हा दर वेळी हसू फुटतं, आणि मग मोजपट्टीच्या त्या घड्या किती नेमक्या उघडल्यात ते दिसतं.

(दृश्य: झेरॉक्स मशीनचा सरकता प्रकाश.)

पुढे त्याच्या हाती फोटोकॉपी मशीन आलं. आतला दिवा सरकत असतानाच तो काचेवरचा कागद ओढायचा. चेहरा लांबतो, हात दोरीसारखे वळतात. जितक्या वेळा ओढाल, तितकी चित्रं वेगळी. वर्तमानपत्रांतले छपाईचे दोषही त्यानं जमवले: शाईचा डाग, सरकलेली ओळ, फुटलेला ठिपका. आपण ज्या पानावर वैतागून पुढे जातो, तिथे तो थांबायचा, आणि तो डाग भलामोठा करून कॅनव्हासवर चढवायचा.