काम रेतीचं, मजुरी हाताची

नमस्कार मंडळी. आज दगडी भांड्यांबद्दल बोलू. पाटा, वरवंटा, जातं, खल, हे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मिक्सरमधली चटणी मला चटणी वाटतच नाही, पण घरात तसं बोलायची सोय नाही. असो.

आमच्या आजीची गोष्ट ऐका. आठवडी बाजारात पाथरवट खल मांडून बसायचे. आजी प्रत्येक खलावर बत्ता हलकेच मारायची आणि कान द्यायची. खण्ण वाजला तर ठीक. बद्द वाजला की म्हणायची, "याच्या पोटात चीर हाये, ठेवा बाजूले." पाथरवट वैतागायचा, पण वाद घालायचा नाही, कारण चीर खरंच असायची.

एकदा खल पसंत पडला, भाव ठरला आणि आजीनं आत बोट फिरवलं. "हा तं खरखरीत हाये, तिखटात खडे येतीन!" पाथरवटानं टाकी, म्हणजे छिन्नी, ठेवून दिली. नाल्याची मूठभर रेती खलात टाकली, वरून पाणी शिंपडलं आणि एक गोटा घेऊन घोटत बसला. बाजार उठायला आला तरी घोटणं चालूच. शेवटी दोन पैसे जास्त मागितले. आजी भडकली, "नाल्याच्या रेतीचे पैसे?" तो म्हणाला, "रेतीचे नका देऊ माय, हाताचे द्या." दिले हो आजीनं! कुरकुरत दिले.

लक्षात ठेवा, काम रेतीनं केलं. इजिप्तमध्ये सक्कारा इथं जोसेर राजाच्या पिरॅमिडखाली सुमारे ४०,००० दगडी भांडी सापडली, साडेचार हजार वर्षांहून जुनी. तांबं तर दगडापुढे मऊ. मग कोरलं कसं? तांब्याची नळी दगडावर उभी धरायची, खाली रेती टाकायची आणि नळी गरगर फिरवायची. नळी फक्त रेतीला फिरवते, दगड झिजवते ती रेती. पुन्हा सांगतो, रेती. मोबाईलवर कोणी सांगतात, ही भांडी परग्रहावरच्यांनी केली. त्यांना आजीसमोर खल विकायला बसवायला हवं होतं.

इजिप्तमधल्या लक्सरजवळचे कारागीर आजही हातानं दगडी फुलदाण्या कोरतात. आपल्या नागपूरजवळच्या माहुरझरीत प्राचीन काळी अकीकाचे, म्हणजे एका कठीण रंगीत दगडाचे, मणी घडत. तिकडे गुजरातमध्ये खंभातला अकीकाचं काम अजून चालू आहे.

आणि हो, पाट्याला नवी टाकी लावून घेतली, तर आधी मूठभर जाडं मीठ वाटून फेकून द्या. चटणी त्यानंतर. नमस्कार.