जिनांच्या नावाने अर्ज

भूत म्हटलं की आपल्याला आधी शनिवारवाडा आठवतो. 'काका, मला वाचवा!' १७७३ साली मारला गेलेला नारायणराव अजूनही मदत मागतोय म्हणतात. दिल्लीतल्या फिरोजशाह कोटल्यात मात्र उलटा कारभार. तिथे मदत जिवंत माणसं मागतात, आणि तीही लेखी.

कोटला म्हटल्यावर तुम्हाला कुंबळेचे दहा बळी आठवले असणार. ते शेजारचं मैदान. मी बोलतोय त्याला लागून असलेल्या पडक्या किल्ल्याबद्दल. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात वसवलेल्या राजधानीतलं जे उरलं, ते हे. गुरुवारी तिथे जाऊन बघा. अंधाऱ्या कमानी, काजळीने काळ्या झालेल्या भिंती, वर वटवाघळं, खाली मेणबत्त्या आणि उदबत्त्या. कोनाड्याकोनाड्यात जिनांना लिहिलेल्या चिठ्ठ्या. पोराला नोकरी लागू दे, नवऱ्याची दारू सुटू दे. खाली घराचा पूर्ण पत्ता, कधी सोबत पासपोर्ट साइझ फोटो! गंमत म्हणजे एकाच अर्जाच्या झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात. जिन एक नाही, अनेक. आपलं काम कोणाच्या खात्यात येतं कोण जाणे. सरकारदरबारी खेटे घालून आलेलं शहाणपण हे, दुसरं काय?

अर्जदारांत हिंदूही असतात, मुसलमानही. आणि जिन म्हणजे भूत नव्हे. भूत मेलेल्या माणसाचं. जिन अग्नीपासून घडलेला, माणसाच्या कित्येक पिढ्या बघणारा. म्हणजे सरकारं बदलली तरी टेबलामागे साहेब तोच.

वास्तू जुनी, पण या गर्दीच्या खुणा सापडतात त्या १९७७ पासूनच्या. आणीबाणी नुकतीच उठली होती. इथून फार लांब नसलेल्या तुर्कमान गेटला आदल्याच वर्षी लोकांच्या घरांवर सरकारी बुलडोझर फिरले होते. मला हा योगायोग वाटत नाही.

या जिनांचे मुख्य म्हणजे 'लाटवाले बाबा'. लाट म्हणजे खांब, आणि तो आहे सम्राट अशोकाचा. फिरोजशाहाने तो आजच्या हरियाणातल्या टोपऱ्याहून आणवला. कापसाच्या ढिगावर अलगद आडवा केला, ४२ चाकांच्या गाडीवर चढवला, मग यमुनेतून नावांवर. एवढा खटाटोप करून उभा केला, पण त्यावरचा मजकूर त्याच्या दरबारात एकालाही वाचता आला नाही. तो लागला थेट १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाला. त्यात अशोक सांगतो की देहदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी, नातलगांना रदबदली करता यावी म्हणून. म्हणजे अर्जविनंतीची सोय त्या दगडावर आधीपासूनच कोरलेली होती!

आता किल्ल्याबाहेर या. समोरच खूनी दरवाजा. २२ सप्टेंबर १८५७ रोजी हॉडसन या इंग्रज अधिकाऱ्याने बहादूरशाह जफरचे दोन मुलगे आणि एक नातू इथे आणले. हुमायूनच्या मकबऱ्यात ते शरण आले होते. गाडीतून उतरवलं, अंगावरचे कपडे काढायला लावले आणि स्वतःच्या हाताने गोळ्या घातल्या. खटला नाही, मुदत नाही. प्रेतं चांदणी चौकातल्या कोतवालीपुढे टाकली. पावसाळ्यात या दरवाजाच्या छतातून रक्त ठिबकतं म्हणतात. पण या शाहजाद्यांपाशी कोणी अर्ज घेऊन जात नाही. गुरुवारी माणसं दरवाजाला वळसा घालून लाटवाल्या बाबांकडे जातात, हातात झेरॉक्सची चळत.