निळूभाऊंचा दबका आवाज

नमस्कार श्रोतेहो. धान घरी आलं, की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, मंडईचे (गावजत्रेचे) आणि शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतींचे) दिवस लागतात. दिवसा पट, रात्रभर नाटक. यंदा ज्या कलावंताच्या वाट्याला खलनायक आला आहे, त्याच्यासाठी आज निळू फुल्यांविषयी बोलायचं आहे.

पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम, सेवा दलाचं कलापथक, 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा. तिथून निळूभाऊ मराठी पडद्यावरचे पाटील, सरपंच, सावकार झाले.

पण त्यांचा खरा कस बघायचा तो 'सामना'त. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा चित्रपट. निळूभाऊंनी रंगवलेला, साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या मास्तरला वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो. डॉ. लागूंचा मास्तर विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुराव आवाज चढवत नाही, पाहुणचार सोडत नाही. भीती वाटते ती त्या पाहुणचाराचीच.

आपल्याकडच्या नाटकात हाच माणूस मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार असतो, आणि नेमका तिथंच घोटाळा होतो. जाड मिशा, गालावर व्रण, प्रवेशालाच गडगडाटी हसू. मग तिसऱ्या अंकासाठी उरतं काय? शिवाय वर टांगलेल्या माइकखाली ओरडलं, की आवाज फाटतो आणि मागं बसलेल्यांना शब्दच कळत नाहीत. ओरडायचंच असेल तर माइकपासून दोन पावलं मागं सरा. दबकं वाक्य मात्र बरोबर माइकखाली उभं राहून, शेवटचा शब्द न गिळता बोला.

उत्तर देण्याआधी मनात तीन अंक मोजा. समोरच्याकडे बघा, हात हलवू नका. निळूभाऊंचे डोळे त्या वेळात अर्धं बोलून जात. अडचण एकच. तुम्ही थांबलात, की प्रॉम्प्टरला वाटतं वाक्य विसरले, आणि तो मोठ्यानं सांगून मोकळा होतो. पेटीवालाही रिकामी जागा भरून काढतो. म्हणून थांबण्याच्या जागा संहितेत लाल पेन्सिलीनं खुणा करून दोघांनाही तालमीतच दाखवून ठेवा.

कपडे स्वच्छ ठेवा. पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी. आणि पहिल्या अंकात मालगुजार इतका गोड वागू द्या, की समोर बसलेल्या आयाबायांना तो देवमाणूस वाटला पाहिजे.