कोठावळ्याचा पेला

[दृश्य: अंधार, मेणबत्ती, पेला धरलेला हात]

हा हात बघा. पेल्याचा दांडा दोन बोटांत, मागे मेणबत्ती. चेहरा अजून यायचाय, तरी माणूस ओळखू येतो. ख्रिस्ती मठाचा कोठावळा. वाइनची पिंपं याच्या ताब्यात, किल्ल्या याच्या कमरेला, आणि चव घ्यायची तीही यानंच.

असली चित्रं काढण्यात एडुआर्ड फॉन ग्र्युट्झनर या जर्मन चित्रकाराचा हात धरणारा विरळा. १८४६ साली प्रशियाच्या सायलेशिया प्रांतात, शेतकऱ्याच्या घरात जन्म. गावच्या पाद्र्यानं पोराला शिकायला घातलं ते पुढे पाद्री व्हावं म्हणून. पोरगं १८६४ मध्ये म्युनिकला गेलं आणि चित्रकार झालं. तिथे त्याचा गुरू कार्ल फॉन पिलोटी. इतिहासातले भव्य, गंभीर प्रसंग रंगवणारा. मखमल कशी चमकते, धातू कसा, काच कशी, हे शिष्यानं त्याच्याकडून उचललं आणि थेट तळघरात नेलं.

[दृश्य: स्टुडिओ, कोरा कॅनव्हास]

हे चित्र ग्र्युट्झनरचं नव्हे, त्या वळणाचं. आमचा एक चित्रकार मित्र काढतोय. आधी सगळ्या कॅनव्हासवर तपकिरी रंगाचा पातळ हात. या तपकिरीला पुढच्या लोकांनी फार नावं ठेवली. तळघराला मात्र तीच लागते. अंधार आयता मिळतो, मग उजेड तेवढा रंगवायचा. पिंपाच्या लोखंडी पट्टीवर एक रेघ. डोक्याच्या मुंडलेल्या चकतीवर जराशी चमक.

आता पोट. इथे मित्रानं तीनदा पुसलं. जास्त फुगलं तर व्यंगचित्र, कमी पडलं तर प्रवचन. नाकाची लालीसुद्धा एकदम लाल नाही. आधी गार राखाडी, ती वाळल्यावर लालाचा पारदर्शक थर. शेवटी पेला. काच रंगवायची नसतेच. तिच्यातून मागचं पिंप वाकडंतिकडं दिसतं तेवढं काढायचं, आणि काठावर पांढऱ्याचा एक ठिपका.

तो ठिपका पडला तेव्हाचे आमचे चेहरे कॅमेऱ्यात आलेत.

[दृश्य: एबरबाख मठ, दगडी कमानी, जुनी लाकडी दाबयंत्रं]

ऱ्हाइनकाठचा एबरबाख. सिस्टर्शियन या ख्रिस्ती मठवासी पंथानं ११३६ मध्ये वसवलेला. द्राक्षं दाबायची ही धुडं बघितली की वाइन म्हणजे काय अंगमेहनत होती ते कळतं. आणि मेणबत्तीही कळते. वाइन मुरताना गाळ तळाशी बसतो. वरची निवळ तेवढी दुसऱ्या पिंपात काढायची आणि धार गढुळायला लागली की हात आवरायचा. अंधाऱ्या तळघरात ते उजेडाशिवाय दिसणार कसं? म्हणजे पेला ज्योतीपुढे धरणारा हा ब्रदर मजा मारत नाहीये, कामावर आहे.

बरं, मजाही मारतोय.

हा पंथ चालतो संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीवर. तिच्यात चाळिसावं प्रकरण पिण्याच्या मापाचं. वाइन खरं तर मठवासीयांसाठी नव्हेच, पण आताच्यांना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान बेतानं घ्या, असा त्याचा सूर. दिवसाला एक हेमिना, साधारण पाव लिटर. एकतिसाव्या प्रकरणात कोठावळ्याला ताकीद आहे: मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत.

आता पुन्हा हाताकडे बघा. पेला कसा धरलाय! नियम अक्षरशः पाळतोय बिचारा. ग्र्युट्झनरला हसू दिसलं ते इथे. त्याला वेडेवाकडे चेहरे काढावे लागले नाहीत. विनोदी चित्र म्हणजे हलकं काम, असं अजूनही मानणाऱ्यांनी ही करंगळी एकदा काढून बघावी.

१८०३ च्या सुमारास जर्मनीतले बहुतेक मठ सरकारजमा झाले, एबरबाखही त्यातच. ग्र्युट्झनर १९२५ मध्ये गेला. पुढे हिटलरला त्याची चित्रं आवडली, आणि समीक्षकांनी ती कॅलेंडरच्या कप्प्यात टाकली.

[दृश्य: स्टुडिओ, संध्याकाळ]

मित्र ब्रश धुतोय. पेल्यावरचा ठिपका अजून ओला आहे.