ब्रेक दाबला की दिवा विझतो

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याने त्याची जुनी गाडी माझ्यासमोर आणून उभी केली. रंग नवा, क्रोम चकचकीत. तक्रार एकच होती. रात्री मागचे दोन्ही लाल दिवे छान पेटायचे, पण ब्रेकवर पाय ठेवला की डावा दिवा चक्क विझायचा. बल्ब बदलून झाला होता, ब्रेकचा स्विच बदलून झाला होता, आता अख्खं वायरिंग उपसायची तयारी चालली होती.

मंडळी, ही खूण लक्षात ठेवा, कारण दोष कुठे आहे ते ती जवळजवळ बोटाने दाखवते. त्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. टेलसाठी ५ वॉटचं, ब्रेकसाठी २१ वॉटचं. दोन्हींना करंट वेगवेगळ्या वायरींनी येतो, पण परत जातो एकाच वाटेने: बल्बच्या पितळी टोपीतून होल्डरमध्ये, होल्डरमधून गाडीच्या पत्र्यात, तिथून बॅटरीला. हेच आपलं अर्थिंग. ती वाट बंद झाली की करंट दुसरी शोधतो. टेलचा करंट उलटा ब्रेकच्या फिलामेंटमध्ये शिरतो, ब्रेकच्या वायरीने उजव्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगमधून बॅटरीला पोचतो. वाटेतली जाड फिलामेंटं त्याला फारशी अडवत नाहीत, म्हणून डावा टेल जवळपास पूर्ण उजेडाने पेटतो आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. आता ब्रेक दाबा. दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट आले. दोन टोकांत फरकच उरला नाही, तर वाहणार काय? दिवा विझतो.

मी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर ओढली आणि होल्डरच्या पत्र्याला टेकवली. ब्रेकलाइट लखकन पेटला. दिव्याचा स्क्रू काढला, तर खाली नव्या रंगाचा जाड थर. रिस्टोअर केलेल्या गाड्यांचं हे दुखणं मी पुन्हा पुन्हा पाहतो. पेंटरने मन लावून केलेल्या कामाखालीच अर्थिंग गाडलं गेलेलं असतं. नखाएवढी जागा पत्रा चमकेपर्यंत खरवडली, दातेरी वॉशर घातला, स्क्रू आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडली. वायरिंगला हातही लावावा लागला नाही.

अर्थिंग कुठे बिघडलंय ते शोधायला मल्टिमीटर कसा लावायचा ते सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. दिवा बंद ठेवून ओहम, म्हणजे वाटेतला अडथळा, मोजू नका. वायरीची एक तार जरी शाबूत असली, तरी मीटर म्हणतो सगळं उत्तम; २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा तीच वायर हात टेकते. दिव्याचा स्विच चालू ठेवा (ब्रेकलाइट असेल तर ब्रेक दाबून), मीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरं होल्डरच्या अंगावर ठेवा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट आला तर कुठेतरी गंज आहे. बारा आले, तर वाट तुटलेलीच आहे. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये अर्थ पॉझिटिव्हला असतो. तिथे टोक पॉझिटिव्ह खुंटावर ठेवायचं.

करंट येणाऱ्या बाजूचीही तपासणी अशीच, पेटत्या दिव्यानिशी. फ्यूज डोळ्याला चांगला दिसला, तरी त्याच्या क्लिपा काळ्या पडलेल्या असतात. फ्यूज काढून क्लिपा घासल्या की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका, मी हात जोडून सांगतो. कुठेतरी वायर पत्र्याला घासते आहे. ती सापडेपर्यंत तो फ्यूजच गाडीला आगीपासून वाचवतो.

हेडलाइट मंद असतील, तर दिव्यातले आरसे आणि काच आधी पुसा, मग व्होल्ट बल्बच्याच टोकाशी मोजा. ६० वॉटचे दोन दिवे मिळून १० अँपिअर घेतात आणि जुन्या गाड्यांत हा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून जातो. व्होल्टेज १० टक्क्यांनी पडलं की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीजवळून जाड वायर घेऊन रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवला की स्विचवरचा भार उतरतो आणि रस्ता खरोखर दिसू लागतो.

इंडिकेटरचा दिवा लुकलुकवणारा जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून चालतो. एक बल्ब गेला की ठोका बदलतो, म्हणून आधी बल्बच पाहा. एलईडी बसवली तर फ्लॅशरला तापायला करंटच पुरत नाही आणि दिवा लुकलुकत नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हवा. त्याला बहुधा अर्थची वेगळी वायर जोडावी लागते. ती जोडायच्या आधी पत्रा तेवढा खरवडून घ्या.