37 टर्की आणि आमची गल्ली

[दृश्य: सकाळ. ड्राइव्हवेत उभी काळी गाडी. पत्र्यावर चोचीचा आवाज.]

हा आवाज ऐका. टक. टक टक. गाडीच्या चकचकीत दारात एक नर टर्की, कोंबडीच्या कुळातला मोठा अमेरिकन पक्षी, स्वतःलाच बघतोय. त्याला वाटतंय, दुसरा नर येऊन आपल्या वाटेत उभा राहिलाय. तो चोच मारतो, समोरचाही मारतो. तो एक पाऊल मागे घेतो, समोरचाही घेतो. पण निघून काही जात नाही. हा प्रकार वीस मिनिटं चालला होता, आणि आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेचं एक उपनगर. एप्रिल महिना. या गल्लीत तीन मराठी घरं आहेत, आणि गेल्या काही वर्षांपासून तेरा टर्कींचा हा थवाही आहे.

[दृश्य: नराचं डोकं, अगदी जवळून.]

जरा जवळ जाऊ. डोक्यावर पीस नाही. कपाळ पांढरं, डोळ्यांभोवती निळं, मानेखाली लाल मांसल गाठी. चोचीवरून लोंबते ती सोंड. आता मागून एक मादी चाललीये, तिच्याकडे लक्ष गेल्याबरोबर बघा काय होतं. सोंड लांबली, गाठी लालभडक झाल्या. रंग लावावा तसा चेहरा बदलला, आणि हे सगळं काही क्षणांत. छातीतून खाली आलेला काळा झुपका म्हणजे याची दाढी. घोड्याच्या केसांसारखी दिसते, पण ती पिसांचीच असते. आणि पाठीवरून ऊन सरकतंय तसा पिसांचा रंग तांब्याचा, मग हिरवा, मग परत तांब्याचा.

[दृश्य: मुघल शैलीतलं टर्कीचं चित्र.]

या रंग बदलण्याने एक बादशहाही थक्क झाला होता. 1612 साली जहांगीराचा सरदार मुकर्रब खान गोव्याला गेला. पोर्तुगिजांच्या बंदरात मिळतील त्या अपूर्व वस्तू विकत आण, असा त्याला हुकूम होता. त्याने आणलेल्या नवलाईत टर्की होती. जहांगीराने आपल्या रोजनिशीत तिचं वर्णन केलंय: माजावर आली की डोकं पोवळ्यासारखं लाल, थोड्या वेळाने कापसासारखं पांढरं, कधी पिरोजासारखं, सरड्यासारखं सतत बदलणारं. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने काढलेलं हे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. मानेवरची एकेक गाठ त्याने मोजून रंगवलीये.

तो पक्षी पाळीव होता. मेक्सिकोच्या लोकांनी माणसाळवलेल्या टर्कीच्या कुळातला, युरोपमार्गे जहाजातून आलेला. आपल्या समोर आहे ती रानटी. तिला कुणी पाळलेलं नाही, आणि मुळात ती इथलीच.

[दृश्य: बर्कशायरचं जंगल. झाडांमधून जाणारी दगडी गडग्यांची ओळ.]

हे मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडचे बर्कशायरचे डोंगर. या गडग्याकडे बघा. दगडावर दगड, गुडघाभर उंच, शेवाळलेला, आणि सरळ रेषेत दाट जंगलातून गेलेला. जंगलात कुणी गडगा कशाला घालेल? कोकणात बांध घालतात तसाच हा घातला होता, शेताच्या कडेला. आता जिथे मेपल आणि ओक उभे आहेत, तिथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मेंढ्या चरत होत्या.

इथे वसाहत करणाऱ्यांनी झाडं तोडली. शेतीसाठी, कुरणांसाठी, चुलीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राज्यातली बहुतेक जमीन उघडी पडली. टर्कीला रात्री बसायला झाड लागतं आणि हिवाळ्यात खायला ओकची फळं लागतात. दोन्ही गेलं, वर बंदूक होतीच. 1851 साली माउंट टॉम या डोंगरावर राज्यातली शेवटची रानटी टर्की मारली गेली.

मग शेतकरी पश्चिमेकडे सपाट, काळ्या जमिनीकडे निघून गेले. मागे उरलेल्या शेतांत आधी गवत वाढलं, मग झुडपं, मग पाइन, मग ओक. हे जंगल कुणी लावलेलं नाही. माणूस उठून गेला आणि ते आपोआप परत आलं. आज राज्याची निम्म्याहून जास्त जमीन पुन्हा झाडांखाली आहे. गडगे तेवढे जागच्या जागी आहेत.

जंगल आलं, पण टर्की नव्हती.

[चित्र: रेखाटनं. खुराड्यातली पिल्लं, दार उघडणारी माणसं.]

पुढची गोष्ट आम्हाला सावकाश सांगायचीये, कारण आमच्या गल्लीतला हा थवा त्यातूनच आलाय.

1911 ते 1967 या काळात टर्की परत आणायचे किमान नऊ प्रयत्न झाले. खुराड्यात वाढवलेले पक्षी रानात सोडायचे, अशीच सर्वसाधारण रीत होती. आठ प्रयत्न पुरते फसले. नवव्यात क्वाबिन जलाशयापाशी थोडे पक्षी तगले, तेही दाणापाणी घातलं म्हणून. कारण साधं आहे. रानातलं पिल्लू आईच्या मागे हिंडत सगळं शिकतं. घार आली की कुठे दडायचं, बर्फात काय उकरायचं, अंधार पडायच्या आत कोणत्या झाडावर चढायचं. खुराड्यातल्या पिल्लाला हे शिकवणार कोण?

तेव्हा रानातलेच पक्षी पकडून आणायला हवे होते. आणि रानटी टर्की पकडणं म्हणजे काय, हे तिच्यामागे कॅमेरा घेऊन फिरलेल्याला विचारा. तिची नजर आणि तिचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट.

[चित्र: रेखाटन. मोकळी जागा, मका, गुंडाळलेलं जाळं, आडोसा.]

त्यावरचा उपाय 1951 साली दक्षिण कॅरोलायनात सापडला. आधी मोकळ्या जागेत रोज मका टाकायचा. पक्ष्यांना त्या जागेची सवय होईपर्यंत थांबायचं. मग एका बाजूला मोठं जाळं घडी करून पालापाचोळ्याखाली लपवायचं आणि त्याला छोट्या तोफा जोडायच्या. माणूस आडोशात. पहाटे अंधारात येऊन बसायचं, हालायचं नाही, खोकायचं नाही. थवा येतो, माना वर करकरून बघतो, शेवटी मान खाली घालून मका टिपायला लागतो. सगळ्या माना खाली गेल्या, की बार. जाळं पक्ष्यांच्या डोक्यावरून उडत जाऊन पलीकडे पडतं. माणसं धावत सुटतात, कारण पक्षी जितका वेळ जाळ्यात तडफडेल तितकी इजा जास्त. एकेक पक्षी दोन्ही पंख धरून सोडवायचा, खोक्यात ठेवायचा, आणि त्याच दिवशी शक्य तितक्या लवकर नव्या रानात न्यायचा.

अमेरिकेत टर्की परत आली ती मुख्यतः या जाळ्यामुळे. खर्चाचा मोठा वाटा शिकाऱ्यांनी उचलला. 1937 च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला होता. ज्या बंदुकीने पक्षी संपला, तिच्याच कराने तो परत आला. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

[दृश्य: बेअरटाउनच्या सरकारी जंगलातली पायवाट, हलका बर्फ.]

1972 आणि 1973 साली शेजारच्या न्यूयॉर्क राज्याच्या नैऋत्य भागात 37 टर्की पकडल्या आणि त्या इथे, बर्कशायरमधल्या बेअरटाउनच्या जंगलात सोडल्या. फक्त 37. लग्नाच्या दोन पंगतींइतकीसुद्धा ही संख्या नाही.

1978 पर्यंत त्यांच्या साधारण हजार झाल्या. मग याच डोंगरांतून पक्षी पकडून राज्याच्या इतर भागांत न्यायला सुरुवात झाली. 1996 पर्यंत 561 पक्षी असे हलवले. खोकं ठेवायचं, झाकण उघडायचं, बाजूला व्हायचं. आज राज्यात तीस हजारांवर टर्की आहेत.

[दृश्य: बर्फावर उमटलेली तीन बोटांची पावलं. पावलं एका घराच्या परसदारी जातात.]

ही पावलं बघत चला. ओकच्या झाडाखाली उकरलंय. पुढे बर्ड फीडर, खाली सांडलेल्या बिया. पुढे हिरवळ, उन्हाळ्यात तिथे किडे. आणि रात्री बसायला मागची उंच पाइनची झाडं. टर्कीला रानाची कड आवडते, अर्धं झाड, अर्धं मोकळं. आपली उपनगरं म्हणजे मैलोन्‌मैल नुसती कडच. शिवाय घरापासून 500 फुटांच्या आत, घरमालकाच्या परवानगीशिवाय शिकारीला बंदी, म्हणून इथे बंदुकीचीही भीती नाही. बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनच्या पदपथावर, केंब्रिजच्या रस्त्यांवर, विद्यापीठाच्या हिरवळीवर ती दिसते ती याच कारणाने.

[दृश्य: रस्त्यात थांबलेल्या गाड्यांची रांग. थवा रमतगमत रस्ता ओलांडतो.]

त्रास होतो. गाड्यांना ओरखडे पडतात, मुलांच्या मागे नर लागतात, टपालवाले वैतागतात. पिसारा फुलवलेला नर दहा किलोच्या घरात असतो आणि त्याच्या पायामागे टोकदार काटा असतो.

[दृश्य: घराचं डेक, म्हणजे लाकडी ओटा. नऊवारी नेसलेल्या आजी, हातात वाटी.]

या आजी साताऱ्याकडच्या. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्यात. रोज सकाळी पूजा झाली की वाटीभर तांदूळ घेऊन डेकवर यायचं, हा त्यांचा नेम. गावाकडे चिमण्यांना घालायच्या, इथे टर्कींना. पहिल्या दिवशी दोन आल्या, आता तेराच्या तेरा येतात. तांदूळ पडायच्या आधीच त्या पायऱ्यांवर उभ्या असतात.

आम्ही म्हटलं, "आजी, यांना दाणे घालायचे नसतात."

आजी म्हणाल्या, "दारात आलेल्याला हाकलू होय रे बाळा?"

याला काय उत्तर द्यायचं? आम्हीही असंच शिकून मोठे झालोय. पानातला घास आधी कावळ्याला, गाईला.

[दृश्य: एक नर आजींच्या दिशेने दोन पावलं पुढे येतो. आजी मागे सरतात.]

पण हे बघा. परत एकदा, सावकाश. आजी एक पाऊल मागे गेल्या आणि नराने पिसारा फुलवला. टर्कींच्या थव्यात कोण वरचढ आणि कोण खालचा हे ठरलेलं असतं, आणि ते रोज नव्याने तपासलं जातं. हातातून दाणा मिळायला लागला की माणसाची भीती जाते. भीती गेली की ती आपल्यालाही थव्यातच धरते, आणि जो मागे सरतो तो तिच्या लेखी खालचा. मग ती त्याच्यामागे लागते. अशा पक्ष्याला दुसरीकडे नेऊन सोडत नाहीत, कारण तो तिथल्या कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो. फारच हाताबाहेर गेलं तर त्याला मारतात.

आजींना हे शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा कॅमेरा चालू होता.

[दृश्य: आजींचा चेहरा. मग हातातली वाटी. निवेदन नाही.]

[दृश्य: आजी खराट्याने डेक झाडतात.]

करायचं ते फार नाही. दाणे घालायचे नाहीत. फीडरखालचं सांडलेलं झाडून टाकायचं. एप्रिल-मेमध्ये गाडीवर कापड टाकायचं, म्हणजे आरशातला शत्रू दिसत नाही. आणि समोर नर आला तर पाठ फिरवून पळायचं नाही. हात वर करायचे, मोठ्याने ओरडायचं, खराटा आपटायचा, बागेच्या नळीने पाणी मारायचं. तिला दुखवायचं नाही, फक्त घाबरवायचं. 37 पक्षी आणले तेव्हा त्यांच्यासोबत ही भीतीही आणली होती. ती होती म्हणून ते जगले.

[दृश्य: तेच डेक, दोन आठवड्यांनंतर. पायऱ्या रिकाम्या. काचेच्या दाराआड आजी जप करत बसल्यात. बाहेर, कुंपणापलीकडे थवा.]

"आज लांबूनच गेल्या," आजी म्हणाल्या. "जाऊ देत. खातील त्यांचं त्या."

[दृश्य: तिन्हीसांजा. घरामागची पाइनची झाडं.]

एवढा जड पक्षी, पण रात्रीचा रातथारा झाडावरच. आधी मान वर करून फांदी बघायची, गुडघ्यात वाकायचं आणि पंखांचा दणका देत वर. एक गेली. दुसरी. या दोघी जोडीने. फांद्या वाकतायत, पानांवरचं पाणी खाली पडतंय.

दहा. अकरा. बारा.

तेरावी अजून खालीच आहे. गडग्यावर उभी राहून मान वळवून घराकडे बघतेय.

[दृश्य: ती उडते. अंधार.]